आधी नळी, मग जोड

वीजजोडणीच्या सामानात एक वस्तू अशी आहे, जी विसराळूपणा मुळीच खपवून घेत नाही. तिचं नाव हीट श्रिंक स्लीव्ह. इंदूरच्या महाराणी रोडवर विजेच्या सामानाच्या दुकानांत ती काळी, लाल, पिवळी, निळी अशी मीटरवर मोजून मिळते आणि दिसायला इतकी गरीब असते, की गिऱ्हाईक तिच्याकडे पाहतसुद्धा नाही. तिचं काम सोपं. दोन तारा जोडायच्या, नळी जोडावर सरकवायची आणि गरम हवा मारायची. नळी आकसते आणि जोडाला अशी आवळून धरते, की पुढे ब्लेड लावल्याशिवाय निघत नाही. मात्र या सोप्या कामात एक अट दडलेली आहे. तारा जोडण्याआधी नळी एका तारेत ओवून मागे सारून ठेवावी लागते. जोड झाल्यावर तिची आठवण झाली तर उपयोग नाही, कारण तोवर एक टोक भिंतीत गेलेलं असतं, दुसरं पंख्यात, आणि नळीला आत शिरायला वाटच उरलेली नसते. मग मार्ग दोन. जोड उकलून पुन्हा करायचा, नाहीतर नळी खिशात घालून टेप काढायची. आपल्याकडे यांतला कुठला मार्ग पत्करला जातो, हे कळायला पाहणी करायची गरज नाही. ही नळी घरोघरी रुजली नाही, याचं खापर लोक किमतीवर फोडतात, अडाणीपणावर फोडतात, बाजारावर फोडतात. माझ्या मते खरं कारण एकच आहे. ती कामाच्या आधी विचार करायला लावते, आणि आपली सवय काम झाल्यावर विचार करायची.

नळीची कुळकथा पाहिली, तर या गोष्टीतली गंमत अधिकच कळते. पॉलिइथिलीन 1933 साली इंग्लंडात आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत हाती लागलं, तेही ध्यानीमनी नसताना; करायला गेले एक आणि भांड्यात सापडलं पांढरं मेणचट काहीतरी. साधं पॉलिइथिलीन तापलं की वितळून वाहू लागतं. पुढे 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला आर्थर चार्ल्सबी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवलं, की त्यावर किरणोत्साराचा मारा केला तर आतल्या लांबलचक रेणूसाखळ्या एकमेकींना जागोजागी बांधल्या जातात आणि मग तापवूनही ते वाहत नाही. 1957 मध्ये पॉल कुक यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेली कंपनी पुढे रेकेम या नावाने प्रसिद्ध झाली, ती याच गुणाच्या जोरावर. कृती अशी: आधी नळी हव्या त्या लहान मापाची काढायची. तिच्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून साखळ्या बांधून घ्यायच्या. मग तापवून दुप्पट, तिप्पट फुगवायची आणि त्याच फुगलेल्या अवस्थेत थंड करायची. अशी फुगवून गप्प बसवलेली नळी वर्षभर दुकानात पडून राहते. पुन्हा शंभर-सव्वाशे अंशांची ऊब लागली, की तिला आपलं जुनं माप आठवतं आणि ती त्या मापाला परतते. म्हणजे प्लास्टिकला आपलं माप आठवतं, आणि ज्याच्या हातात ते प्लास्टिक आहे त्याला प्लास्टिकच आठवत नाही.

हे सगळं विलायतेतलं, म्हणून हात झटकायची सोय निदान इंदूरकराला नाही. 1984 साली पायाभरणी झालेलं आणि आता राजा रामण्णांच्या नावाने ओळखलं जाणारं प्रगत तंत्रज्ञान केंद्र याच शहराच्या कडेला उभं आहे. तिथल्या इंडस-2 या यंत्रात इलेक्ट्रॉन 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपर्यंत पोचवले जातात. त्याच केंद्राच्या तंत्रज्ञांनी बांधलेली इलेक्ट्रॉन-झोताची यंत्रं फळभाज्यांच्या मंडीच्या आवारात बसवली आहेत. थोडक्यात, प्लास्टिकला स्मरणशक्ती देणाऱ्या इलेक्ट्रॉन-झोताचे जाणकार इथे आहेत आणि तो झोत बटाट्या-कांद्यांच्या शेजारी नांदतो आहे. आणि याच शहरात गिझरच्या तारांना दोन पीळ देऊन, वर टेपच्या तीन फेऱ्या मारून, उरलेली टेप दातांनी तोडून 'हो गया भिया' असं जाहीर केलं जातं. विज्ञान शहरात येऊन चाळीस वर्षं झाली. स्विचबोर्डाच्या मागे जायला त्याला अजून सवड मिळालेली नाही.

टेपची लोकप्रियता मात्र समजून घेतली पाहिजे, कारण ती उगाच आलेली नाही. टेपसारखी समजूतदार वस्तू विरळा. तिला आधी सांगावं लागत नाही, माप द्यावं लागत नाही, ती रुसत नाही. जोड जाड असो, बारीक असो, वाकडा असो, ती त्याच्याभोवती फिरते. काम चुकलं तर उलगडते, पुन्हा फिरते. एक गुंडाळी खिशात असली, की मिस्त्रीला कशाचीच आगाऊ तयारी करावी लागत नाही, आणि तयारी न करता काम उरकणं यालाच आपल्याकडे हाताला सफाई असणं म्हणतात. टेपची खरी जागाही आहे. अनंत चतुर्दशीला इंदुरात गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. गिरण्या बंद पडल्या, हुकुमचंद मिल 1991 मध्ये थांबली, तरी कामगारांनी झांक्या थांबू दिल्या नाहीत. त्यांच्यावर दिव्यांच्या माळा रात्रभर झगमगतात आणि नंतर त्या उतरवल्या जातात. एका रात्रीसाठी जोडलेल्या आणि पुढे सोडवायच्या तारेला टेप अगदी योग्य. तिथे कुणी नळी आकसवत बसला, तर दुसऱ्या दिवशी ब्लेड घेऊन तोच रडेल. घरातली तार मात्र चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी उतरवायची नसते. 'फिलहाल लगा दी है' म्हणून मारलेली टेप घरातल्या मुलाची मुंज, शिक्षण आणि लग्न पाहून होते. मध्यंतरी माळव्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, टेपचा गोंद पातळ होऊन कडेने ओघळतो, टोक सुटतं, आणि त्या चिकट टोकावर धूळ बसते. मग नवा मिस्त्री येतो, जुनी टेप पाहून 'ये किसने किया?' असं विचारतो, आणि तिच्यावरून नवी टेप मारतो.

इथे कुणी म्हणेल, की टेप असो वा नळी, वरचं आवरण पाहून काय होणार. आत जोड कसा आहे ते पाहा. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे, आणि तोच माझ्या बाजूने साक्ष देतो. दोन हजार वॅटचा गिझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. जोडात उष्णता होते ती प्रवाहाच्या वर्गाला अवरोधाने गुणून. सैल पिळाचा अवरोध दशांश ओहम धरला, तर चिमटीएवढ्या जागेत साडेसात वॅट उष्णता. गंज चढून तो अर्धा ओहम झाला, तर सुमारे 38 वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग द्यायची सोल्डरिंग आयर्न बहुधा 25 वॅटची असते. म्हणजे ज्या घरात असा गंजलेला सैल पीळ आहे, ते घर गिझर चालू असेल तितका वेळ भिंतीत दीड सोल्डरिंग आयर्न चालू ठेवतं आणि वर टेप गुंडाळून ती थंड राहील अशी आशा धरतं. नळी हा अवरोध कमी करत नाही, हे कबूल. वाईट जोडावर चढवलेली चांगली नळी म्हणजे दुखणं झाकून ठेवणं. पण नळीचं वैशिष्ट्य असं, की ती उलगडून पाहता येत नाही. एकदा आकसली, की आतला जोड कायमचा. त्यामुळे जो माणूस नळी वापरतो, त्याला आधी क्रिम्प, म्हणजे तारा दाबून धरणारी धातूची कडी, नीट दाबावी लागते, तार ओढून पाहावी लागते, टोकाचा एखादा केस बाहेर राहिला आहे का ते तपासावं लागतं. टेप म्हणते, 'पुढे बघू.' नळीला पुढे बघायची सोयच नाही, म्हणून ती आत्ताच बघायला लावते.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक आळशी आहे. 'आपल्या लोकांचा स्वभावच तसा, आधी विचार करणं आपल्या रक्तात नाही.' हा आक्षेप खोडायला रस्त्यावर खणलेल्या खड्ड्यात उतरलेल्या केबल जॉइंटरकडे पाहणं पुरे. 11 किलोव्होल्टच्या तीन कोअरच्या केबलचा सरळ जोड करायला बसलेला हा माणूस बाहेरचं आवरण काढतो, पोलादी आर्मर कापतो, आतलं आवरण काढतो, तांब्याची पट्टी सोडवतो. मग येतो काळा अर्धवाहक थर. तो कापताना सुरी थराच्या अर्ध्या जाडीपर्यंतच जाऊ द्यायची; खालच्या एक्सएलपीई, म्हणजे साखळ्या बांधलेल्या पॉलिइथिलीनच्या, इन्सुलेशनवर ओरखडा उठला, की काम वाया. इन्सुलेशन पुसायचं तेही एकाच दिशेने, इन्सुलेशनकडून काळ्या थराकडे. उलट पुसलं तर काळ्या थराचे कण इन्सुलेशनवर पसरतात आणि विजेला रस्ता मिळतो. जिथे काळा थर संपतो, त्या कडेपाशी, रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर जमाव दाटतो तसं विद्युत क्षेत्र दाटतं. म्हणून त्या कडेवर पिवळं मॅस्टिक भरून पायरी बुजवतात आणि त्यावर ताण पसरवणारी खास नळी आकसवतात. नळी मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे तापवत न्यायची, म्हणजे हवा बाहेर निघते. एखादा बुडबुडा आत राहिला, तर तो महिनोन्महिने आतल्या आत चरत राहतो आणि एका पावसाळी रात्री अख्ख्या कॉलनीला अंधारात बसवतो. गॅसच्या टॉर्चची ज्योतही मऊ, टोकाला पिवळसर ठेवायची. टोकदार निळी ज्योत नळी जाळते. आतून गोंद लावलेल्या बाहेरच्या नळीच्या कडेने गोंदाची बारीक ओळ बाहेर आली, की समजायचं आता पाणी शिरणार नाही.

एवढं सगळं करण्याच्या आधी हा माणूस काय करतो? किटमधल्या नळ्या मोजतो आणि मोठ्या नळ्या केबलवर, लहान नळ्या कोअरवर चढवून मागे सारून ठेवतो. मग कनेक्टर दाबतो. तो विसरत नाही. त्याचं रक्त वेगळं आहे, अशातला भाग नाही. त्याची भाषा तीच, चहा तोच, पोहे तेच, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तोच माणूस पंख्याच्या तारेला टेप मारत असण्याची दाट शक्यता आहे. फरक इतकाच, की खड्ड्यात विसरलं तर दाबलेला कनेक्टर कापावा लागतो, केबल कमी पडते, पुन्हा खणावं लागतं, आणि चाचणीच्या वेळी साहेब उभा असतो. शिवाय जमीन माळव्याची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पुरलेल्या जोडाला दर वर्षी थोडं थोडं ओढून पाहते. तिथे कच्चं काम लपत नाही. घरातल्या जोडाला यांतलं काहीच नसतं. तो प्लास्टिकच्या पट्टीमागे असतो, त्याची चाचणी बल्ब पेटला की संपते, आणि विसरण्याची किंमत विसरणारा भरत नाही. कित्येक वर्षांनी भलताच कुणीतरी भरतो. आगाऊ विचार करण्याची आपली क्षमता शाबूत आहे. तिचं बिल कुणाच्या नावाने फाटणार, यावर ती वापरायची की नाही ते ठरतं.

याला दुसरा पुरावा हवा असेल, तर इंदुरात तो रोज सकाळी दारात गाणं वाजवत येतो. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं. 2023 च्या सर्वेक्षणात पहिला क्रमांक सुरतेबरोबर विभागून मिळाला. झाडूवाल्यांचे आणि पालिकेचे कष्ट त्यात आहेतच, पण खरी मेख कचऱ्याच्या गाडीत आहे. ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, सॅनिटरी आणि घातक असे कप्पे वेगळे. गाडी आल्यावर वेगळं करत बसायला वेळ नसतो. वेगळं आधीच, घरात, ओट्याशी करून ठेवावं लागतं. ओल्यात काचेचा तुकडा दिसला, तर गाडीवरचा माणूस सगळ्या गल्लीदेखत तो दाखवतो. ज्या शहराबद्दल 'इथे असलं काही चालणार नाही' असं पूर्वी पैज लावून सांगितलं गेलं असतं, तिथल्या आज्या आता केळीची साल आणि केळीची पिशवी न सांगता वेगवेगळ्या टाकतात. आधी वेगळं, मग गाडीत. आधी नळी, मग जोड. शिस्त एकच आहे. एकीला गल्लीतला साक्षीदार मिळाला, दुसरी अजून भिंतीच्या आत एकटी पडली आहे.

उरलेले आक्षेप किरकोळ आहेत, पण त्यांना उत्तर दिलं नाही तर ते कायम पाहुणे होऊन राहतात. नळी महाग पडते म्हणावं, तर सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत एकदा खाण्याच्या पैशांत घरभराच्या जोडांना पुरून उरेल एवढी बारीक नळी येते. हीट गन कुणाकडे असते, हा प्रश्न रास्त. म्हणूनच लायटरने नळी एका बाजूने भाजायची, दुसऱ्या बाजूने कच्ची ठेवायची आणि मधे काजळी धरवायची पद्धत पडली आहे. दहा हजारांचा मोबाईल सहज बाळगणाऱ्या मिस्त्रीला हीट गन न परवडण्याचं कारण एवढंच, की गिऱ्हाईक ती मागत नाही. टेपचे वकील म्हणतात, टेपनेही उत्तम काम होतं. होतं, नक्कीच. ताणून, प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर निम्मी चढवत, एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळून जुन्या जॉइंटरांनी वर्षानुवर्षं टिकणारे जोड केले आहेत. पण तीन ढिल्या फेऱ्या मारून वकीलपत्र त्या टेपचं घेता येत नाही. खरं तर पक्क्या वायरिंगचे सरकारी नियम मधल्या जागी पिळाचा जोड मान्यच करत नाहीत. जोड हवाच असेल तर डबीत, कनेक्टरने. सर्वांत चांगला जोड म्हणजे न केलेला जोड, हे नळी विकणारेही नाकारणार नाहीत.

आणि विसराळू लोकांची काळजी कारखानदारांनी केलेली नाही, असंही नाही. त्यांनी उघडी नळी काढली. ती जोडाभोवती पांघरायची, दोन्ही कडांच्या उंचवट्यांवर धातूची पट्टी सरकवून बंद करायची आणि मग तापवायची. टेलिफोनच्या केबलींवर आणि पाइपलाइनींवर ती खूप चालली. तिचा उपयोग मोठा आहे, जिथे केबल कापताच येत नाही तिथे तर ती तारणहार. पण तिच्याकडे पाहिल्यावर वाटतं, की माणसाच्या विसरभोळेपणापुढे रसायनशास्त्राने इथे सपशेल हात टेकले. ज्योतीची भीती वाटणाऱ्यांसाठी कोल्ड श्रिंकही निघाली. तिच्यात रबराची नळी आधीच ताणून प्लास्टिकच्या गुंडाळीवर चढवलेली असते. गुंडाळी ओढून काढली, की रबर आपोआप आवळतं. ना गॅस, ना काजळी, ना हीट गन. मात्र ही नळीसुद्धा जोडाच्या आधीच ओवून ठेवावी लागते. विज्ञानाने ज्योत काढून टाकली, वेळ वाचवला, धोका कमी केला. 'आधी' हा शब्द काही त्याला काढता आला नाही.

तेव्हा विनंती वाचकाला आहे, कारण कारखाना, कंपनी, नियमावली यांतलं कुणीही तुमच्या स्विचबोर्डामागे डोकावणार नाही. घरात जोडकाम निघालं, की पुरवठा बंद केल्याची खात्री करा आणि मिस्त्रीने तारा एकमेकींजवळ आणताक्षणी, जोडण्याच्या आधी, एकच प्रश्न विचारा: 'भिया, स्लीव्ह डाली क्या?' नंतर विचारलेल्या या प्रश्नाला काही किंमत नाही. मिस्त्री वैतागेल, 'अंकलजी, आप टेंशन मत लो' म्हणेल, तरी टेन्शन घ्या. जोड झाला आणि नळी राहून गेली, तर तो उकलायला लावा. फार तर चहा दुसऱ्यांदा टाकावा लागेल.